स्टूल धरणारी

६ डिसेंबर

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. गीझर सोडला तर आम्ही ठीक आहोत. तुझं अक्षर अजून मुंग्यांच्या रांगेसारखंच आहे हे पाहून बरं वाटलं. निदान एवढं तरी प्रसिद्धीने बिघडलेलं नाही.

तुझं दहावं पुस्तक अडलंय, म्हणून मी "आपल्या घरच्या नाताळच्या उबदार आठवणी" पाठवायच्या. उबदार म्हणे! अगं, नऊ पुस्तकांत तू त्यांचा इतका रस काढलास की आता नुसता चोथा उरलाय. बरं, तुझ्या पुस्तकात पहिल्या पानापासून बर्फ पडतो. आपल्याकडे बर्फ फक्त फ्रीजमध्ये असतो, तोही मी ट्रे भरून ठेवला तर.

नववं वाचलं. आईसाठी मोठ्याने वाचलं, त्यामुळे एकही पान गाळता आलं नाही. पुन्हा तोच विधुर बेकरीवाला, पुन्हा त्याच्या गालाला खळी. मी कामाला जाते त्या लाँड्रीशेजारी बेकरी आहे. तिचा मालक पहाटेपासून भट्टीपुढे उभा असतो आणि दुपारी गिऱ्हाइकांवर खेकसतो. खळी सोड, त्याला दाढी करायला वेळ मिळत नाही. आणि तुझ्या नायिकेच्या नाकाला केक करताना पीठ लागतंच कसं? मी इतकी वर्षं केक करतेय, माझ्या नाकाला कधी लागलं नाही. लागलं असतं तरी ते पुसायला कोणी विधुर आला नसता.

लोक हे विकत घेतात, डोळे पुसतात आणि शेजारणीला वाचायला देतात. लाँड्रीच्या मालकीणबाई तुझं पुस्तक गल्ल्याशेजारी ठेवतात आणि गिऱ्हाइकांना सांगतात, "आमच्या बाईंची बहीण." मी तेव्हा कोटांना चिठ्ठ्या लावत असते. मान वर करत नाही.

आई कशी आहे विचारलंस, तेही शेवटच्या ओळीत, सहीच्या वर. जेवते नीट. बाकीचं नंतर लिहिते.

तुझ्या दुसऱ्या पुस्तकात नायिकेचे बाबा नाताळच्या आठवड्यात रोज खिडकीत मेणबत्ती लावतात, म्हणजे वाट चुकलेल्याला घर सापडावं. ते तू ठोकून दिलं होतंस. नायकाला रस्ता दिसायला हवा होता म्हणून. आता आई म्हणते, पुस्तकातले नव्हे, आपले बाबा दरवर्षी मेणबत्ती लावायचे. मी पहिल्यांदा सांगितलं, नाही लावायचे. ती इतकी रडवेली झाली की मी काडेपेटी आणली. आता रोज लावते. पडद्याला भोक पडलंय. वाट चुकलेलं अजून कोणी आलेलं नाही.

मग स्टूल आलं. झाडावर तारा लावायला तू चढायचीस ते, एक पाय आखूड असलेलं. पुस्तकात बाबा ते दोन्ही हातांनी धरतात आणि लेक तारा लावते. खरे बाबा कुठे असायचे, तुला ठाऊक आहे. आतल्या खोलीत, तोंडावर पेपर पांघरून. त्या माणसाने आयुष्यात काही धरलं असेल तर तो पेपर. पण आईने ते पान मला तीनदा वाचायला लावलं आणि म्हणाली, "किती जपायचे हो पोरीला." मी म्हटलं, "हो, फार जपायचे." मेलेल्या माणसाचं पुण्य वाढलं तर माझं काय जातं?

जातं. तेच लिहायचं टाळत होते, गीझर आणि पीठ लिहीत बसले.

तुझी प्रत्येक नायिका आईबापांची एकुलती एक. पहिल्या पुस्तकाच्या वेळी मी हसत विचारलं होतं, मी कुठे आहे गं यात? तू म्हणालीस, "ताई, गोष्टीत माणसं वाढली की गर्दी होते. बहिणीला काम काय द्यायचं?" मी म्हटलं, खरंय बाई. पुस्तक तुझं. मला कुठे त्यात राहायला जायचं होतं?

आई गेली त्यात राहायला. तिचं स्वतःचं बरंचसं पुसलं गेलंय, आणि रिकाम्या जागी तुझं येऊन बसलंय. तिला बर्फ आठवतो, मेणबत्ती आठवते, स्टूल धरणारे बाबा आठवतात. परवा मी पुस्तक मिटलं तेव्हा ती म्हणाली, "बाई, तुम्ही वाचता छान. पण सणासुदीच्या दिवसांत तुम्ही इथे कशा? घरी वाट बघत असतील ना तुमची?"

मी म्हटलं, "बघतात की."

"मग जा तुम्ही. माझी मुलगी येईलच आता. एकच आहे मला, पण लाखात एक."

मी स्वयंपाकघरात जाऊन केकचा डबा घासला. घासलेलाच होता, परत घासला. मला फार लागलं, धाकटे. तिचा राग येत नाही, म्हणून तुझा येतो. डॉक्टरांची औषधं, मालीश, वेळच्या वेळी झोप, सगळं चालू आहे, तेव्हा फोनवरून उपाय सुचवू नकोस. उंटावरून शेळ्या हाकायला तुला नेहमीच छान जमतं.

आठवण हवी होती ना, घे. तू स्टुलावर चढायचीस आणि मी खाली बसून ते धरायचे. तुझ्या फ्रॉकची झालर माझ्या डोळ्यांत जायची. तू वरून ओरडायचीस, "ताई, सोडू नकोस," आणि आई दारातून म्हणायची, "थोरली आहे ना खाली, मग पडत नाहीस तू."

बहिणीला काम काय द्यायचं विचारत होतीस. हे दे. दहाव्या पुस्तकात एक थोरली बहीण घाल. तिला खळी नको, विधुर नको, चांगलं बोलणंही नको. खुशाल कजाग कर. फक्त स्टूल तिला धरू दे, आणि ते वाक्य आईच्या तोंडी घाल. मी आईला ते पान वाचून दाखवीन, हवं तितक्या वेळा.

झाड आणून ठेवलंय. तारा अजून खोक्यातच आहे. चढणारी आणि धरणारी अशा दोघी लागतात, आणि इथे मी एकटीच आहे.

तुझी, आणि सध्या फक्त तुझीच,
ताई