चिंबोरीचं कवच आणि करवंदाचे काटे

शनि., ११ जानेवारी
नांगी मेली. करवंदाच्या जाळीत! शनिवारच्या फाशांच्या खेळात दीड वर्ष खेळवलेलं माझं कॅरेक्टर. राक्षसाने नाही, अजगराने नाही, झुडपाने मारलं.

नांगी म्हणजे चिंबोरीबाई, खेकड्याची मादी. दोन पायांवर चालणारी, अंगावर उपजत कवच, कवचाचा आकडा अठरा. तलवार मारणाऱ्याने फासे टाकायचे, अठराच्या वर आला तरच वार लागतो. आज ती आधीच जखमी होती आणि जाळीतून पलीकडे जायचं होतं. मी बिनधास्त घुसले. मधोमध पोचल्यावर निखिल (खेळ तोच चालवत होता, आणि खारघरचं घरही त्याचंच) म्हणाला, "काटे नेम धरत नाहीत गं. नेम नाही, फासे नाहीत, म्हणजे कवचही नाही. पावलाला जिवाचा एक पॉइंट जाणार." अरे, तलवार अडवणारं कवच काट्याने फुटेल का? "नियम म्हणजे नियम." मागे फिरायचं तर तेवढीच पावलं. संपली बिचारी.

आणि तो हसला. ते डोक्यातून जात नाहीये.

रवि., १२
नि. ने आम्हा चौघा खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर चिंबोरीच्या रश्श्याचा फोटो टाकला. खाली: "नांगीला श्रद्धांजली. भाकरी कोण आणतंय?" मृणालने हसणारं तोंड टाकलं, मग काढून टाकलं. इम्रान: "यार, हे जरा ज्यादा झालं."

मी कोळ्याच्या घरची, रश्श्याचं मला काय कौतुक. पण द्रोणागिरीच्या गोदामात सोमवार ते शुक्रवार जो येतो तो माझ्यावर खेकसतो आणि मी "हो सर, हो सर" करते. शनिवारी टेबलावर मी कोणाच्या बापाला भीत नव्हते. त्याने ते मारलं आणि वर रस्सा केला.

सोडणार नाही त्याला.

बुध., १५
आई उरणहून करंजाड्याला माझ्याकडे आली, डब्यात सुकट. जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, चिंबोरीला काटा लागतो का गं?
"कवटी कडक हाय तवर काय नाय होत. कवटी टाकली का मऊ पडतं ते, तवा कायपन टोचतं."
म्हणजे सगळ्या चिंबोऱ्या कधी ना कधी मऊ असतात.
हे नि. ला कधीही कळता कामा नये.
"कामावरचा हाय काय गो कोन?" आईने विचारलं. नाही म्हटलं. खेळातलं भांडण तिला कसं सांगू.

रवि., १९
काल डाव झाला नाही. आमच्यात ज्याचं कॅरेक्टर मेलं त्याने पुढचा डाव चालवायचा, म्हणजे येत्या शनिवारी खुर्ची माझी. आणि नि. खेळाडू. त्याचा गेंडोजी: गेंडामाणूस, बोटभर जाड कातडी. उपजत कवचवाल्यांना बूट-चिलखत घालता येत नाही. आणि काट्यांचा निर्णय त्याचाच, आता तो सगळ्यांना लागू.

दिवसभर नकाशा काढला. धुणं बादलीतच राहिलं. फार दिवसांनी इतकं छान वाटलं.

शनि., २५
ओहोटी. समोर बेट. मधे कालवांचा खडक. आमच्या गावात शेंबडं पोरही त्यावर अनवाणी चढत नाही, कालवाची कड ब्लेडसारखी कापते. खारघरवाल्याला काय माहीत! होडी छोटी ठेवली, मृ. आणि इम्रान बसले. गेंडोजी मावत नाही, ते मी आधीच बघून ठेवलं होतं.
"मी चालत येतो, माझी कातडी बघ!" छाती काढून निघाला.
अर्ध्या वाटेपर्यंत मी त्याचे पॉइंट गुपचूप कापत होते. मग सांगितलं.
"काय? या कातडीला शिंपले लागणार?"
"कालवं नेम धरत नाहीत रे."
मृ. ने तोंडावर हात ठेवला. नि. चा चेहरा! फोटो काढायला हवा होता.
पॉइंट उरले दोन. किनारा चार पावलं. भरती सुरू, थांबला तर बुडणार. तेवढ्यात इम्रानला घरून बोलावणं आलं, डाव तिथेच थांबवला. आठवडाभर उभा राहू दे खडकावर.

मंगळ., २८
नि. चा फोन. पहिल्यांदाच आवाजात हसू नव्हतं.
"प्राजू, तो नियम बदलू या. बारीकसारीक गोष्टी जाड कवचाला लागत नाहीत, असं ठरवू."
"मग नांगी?"
"जाळीत दिला तिथपासूनच तो निर्णय मागे घेऊ. म्हणजे ती मेलीच नाही."
"आणि गेंडोजी?"
"तोही वाचतो." मग हळूच म्हणाला, "बाबा ॲडमिट होते ना, तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर बसून बनवला होता गं त्याला."
मला वाईट वाटलं. वाईट वाटलं याचाच राग आला. हे मला आधी का नाही सांगितलं, आणि रश्श्याच्या फोटोबद्दल अजून एक शब्द का नाही?
शनिवारी सांगते म्हटलं.

शुक्र., ३१
मृ. चा मेसेज: "दोघांनाही जगू दे ना बाई."
तिचं काय जातंय. नांगी परत हवी, हे खरंच. रोज हवी. पण ती त्याच्या मेहेरबानीने परत येणार? माझंच म्हणणं बरोबर होतं, हे त्याला कळलं ते स्वतःची कातडी सोलली तेव्हा. आणि गेंडोजी मेला की नियम कायमचा पक्का, नांगीही कायमची गेली. नांगीही हवी आणि त्याला धडाही, दोन्ही हवंय. दोन्ही मिळत नाही.

शनि., १ फेब्रुवारी
नि. कडे. तो आत चहा करतोय, तेवढ्यात लिहितेय. आल्या आल्या म्हणाला, "काय ठरलं?" मी म्हटलं, आधी चहा. मृ. आणि इम्रान माझ्याकडे बघतायत, मी वहीत.
गेंडोजी खडकावर. पाणी गुडघ्यापर्यंत.
आतून विचारतोय, साखर किती. नेहमीच्याच आवाजात, जणू काही झालंच नाही.
येतोय. ट्रे टेबलावर ठेवला की एवढंच विचारणार, गेंडोजी पाऊल टाकतोय का? त्याआधी तो एकदा जरी म्हणाला की प्राजू, त्या फोटोचं चुकलं, तर नियम बदलला, दोघंही जगले.