गुरुवारचं गणित

५ ऑक्टोबर ९७, रविवार

गेले बाई एकदाची! केंदूरहून शिक्रापूरपर्यंत जीप, पुढं एसटी. शिरूरला पोचेपर्यंत साडीचा पार बोळा झाला. क्लासला सगळे माझ्यासारखेच, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणारे. शिकवणाऱ्या सायली मॅडम माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असतील. मला 'मावशी' म्हणाल्या. मावशी! तिशी गाठायचीय अजून मला.

बीजगणित पहिल्यापासून काढलंय. जे माहीत नाही त्याला एक्स म्हणायचं आणि शोधत जायचं. मॅडमनी विचारलं, "कळलं का?" मी म्हटलं, "व्हय की. आमी तर माहीत असल्याल्या माणसाचंबी नाव घेत न्हाई. 'हे' म्हणूनच भागवतो." सगळ्या बाया हसल्या. मॅडमसुद्धा.

हसण्यावारी नेलं खरं, पण भीती आहेच. अंगणवाडीच्या बयाबाई जूनला सेवेतून सुटतायत. सात वर्षं मी तिथं मदतनीस — पोरं गोळा करा, खिचडी शिजवा, झाडलोट करा. त्यांची जागा मला मिळू शकते, पण दहावी पाहिजे. बाकीचे विषय वाचून निभावेन. गणितानंच शाळा सुटली होती माझी.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज यांची सुट्टी. सणसवाडीच्या कंपन्या गुरुवारी बंद. हे तिथंच खोली करून राहतात — बुधवारी रात्री येतात, शुक्रवारी पहाटे जातात. मी वही काढली तशी हे समोर मांडी घालून बसले. म्हणाले, "दर गुरुवारी बसू. पर आधी तू सांग. मी बिगारीतलं पोर हाय आसं समज."

ही यांची शिकवायची तऱ्हा! मॅट्रिक नवरा घरात असल्यावर मला कसली भीती?

दादांची, माझ्या वडिलांची, आठवण आली. माहेरी, राहू गावात, माझ्यासाठी एक बागायतदार स्थळ आलं होतं. दोन एकर, विहीर, सगळं. दादांनी सोडलं ते. म्हणाले, "जमीन काय करायची? मला शिकल्याला जावई पायजे." मग यांचे मामा आले — मुलगा मॅट्रिक! दादांनी त्याच दिवशी होकार दिला. अजून पाव्हण्यारावळ्यांत छाती फुगवून सांगतात.

१९ ऑक्टोबर, रविवार

कंसाबाहेर उणे असलं की कंस सोडवताना आतली सगळी चिन्हं बदलतात. हे मला लगेच पटलं. आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या की घरातल्या सगळ्यांचं असंच होतं. (सासूबाईंना वाचता येत नाही ते बरं आहे!)

२३ ऑक्टोबर, गुरुवार

कंस यांना तीनदा सांगितला. तिसऱ्यांदा सांगताना मलाच पक्का कळला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज भांडले. दोन चलांची समीकरणं. मी अडले तर हे नुसते बघत बसले. "पुढं काय?" "तू सांग." "मला येत नाही म्हणून तर विचारतेय!" "मग मॅडमला विचारून ये. आन् मला सांग." अंगाचा तिळपापड झाला माझ्या. येत असून सांगायचं नाही म्हणजे काय? वही आपटली. म्हटलं, एवढी हुशारी कंपनीत दाखवा की! मागून आलेली पोरं मशीनवर गेली आणि तुम्ही अजून हेल्पर. साहेबांसमोर सर्टिफिकेट ठेवा जाऊन.

हे उठून पाणी भरायला गेले. दोन्ही हंडे भरून आणले, आत्यांचासुद्धा. तेव्हा मला वाईट वाटलं. फार बोलले मी.

१६ नोव्हेंबर, रविवार

क्लासमध्ये आज धमाल! पुस्तकात गणित होतं — चार पुरुष जेवढं काम करतात तेवढं करायला सहा स्त्रिया लागतात. माझा हात आपोआप वर गेला. "मॅडम, हे कुठल्या शेतातलं हाय? आमच्याकडं कांदं काढायला या म्हणावं. बाप्ये बांधावर तंबाखू मळत बसत्यात तवर आमचा निम्मा वाफा व्हतो." मागची एक म्हणाली, "सहाचं चार करा, आन् चारचं सहा!" मॅडमनी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचं खरं आहे. पण परीक्षेत पुस्तकातलंच लिहा बरं, मावशी."

दोन चलांचंही विचारून आले. एकाला आधी घालवायचं, मग दुसरं सापडतं. इतकं सोपं!

२० नोव्हेंबर, गुरुवार

बायकांचं गणित सांगितलं तर यांना हसता हसता ठसका लागला. "आन् मजुरी इचारली न्हाई का त्या पुस्तकाला?" म्हणाले. मग दोन चलांचं सांगितलं. एकाग्र होऊन ऐकत होते, भुवया जवळ आणून. मागचं भांडण दोघांनीही काढलं नाही.

यांचा चेहरा असा झाला की मला फार आवडतो. लिहायला लाज वाटते, पण आवडतो.

१ जानेवारी ९८, गुरुवार

सगळे मिळून भीमा कोरेगावच्या स्तंभाला जाऊन आलो. केवढी गर्दी! येताना जीपमध्ये चेंगरून बसलो होतो, तरी यांनी कानाशी विचारलं, "वर्गसमीकरणाचे अवयव कसं पाडायचं म्हणालीस?" शेजारची बाई बघायला लागली. तिला वाटलं असेल नवराबायकोचं काहीतरी गोड चाललंय. तसं चाललंच होतं म्हणा.

८ फेब्रुवारी, रविवार

सराव परीक्षेत नापास. पाच मार्क कमी पडले. एसटीत खिडकीकडं तोंड करून रडले. बयाबाईंच्या जागेसाठी दुसऱ्या वस्तीवरची बारावी झालेली मुलगी आलीय म्हणे. मी नापास झाले तर पुढची वीस वर्षं तिच्या हाताखाली खिचडी ढवळायची.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

यांनी आल्या आल्या विचारलं, "कुठं चुकलं?" रागावतील असं वाटलं होतं. प्रत्येक चूक माझ्याकडून सांगून घेतली. शेवटी म्हणाले, "तुला येतंय सगळं. घाईनं चिन्हं पडत्यात तुझी. पेपरात घाई करू नगंस, माया." डोक्यावर हात ठेवला. कधी ठेवत नाहीत.

१२ मार्च, गुरुवार

झाला पेपर! हे शिरूरला बरोबर आले होते. तीन तास शाळेच्या फाटकाबाहेर उभे. बाहेर आले तर पहिला प्रश्न — "पेपर दे बघू." रसवंतीत बसून बोटानं टेबलावर काहीतरी गिरवत राहिले. रस तसाच. मग एकदम ओरडले, "तीन! एक्स बरोबर तीन! आलंय का तुझं?" माझंही तीनच आलं होतं. इतका आनंद झाला यांना, दुसरा ग्लास सांगितला. मला गंमत वाटली. मॅट्रिक माणसाला एवढ्याशा उदाहरणाचं काय एवढं?

३० एप्रिल, गुरुवार

हे घरी. पुस्तक फडताळात. गुरुवार रिकामा रिकामा वाटतो.

१६ जून, मंगळवार

पास! पास! पास! गणितात एकशे पन्नासपैकी एकसष्ट! सायली मॅडमनी मिठी मारली, मी त्यांच्या ओढणीला डोळे पुसले. आता मावशी म्हणा, आजी म्हणा, काहीही म्हणा! उद्या निकाल घेऊन बयाबाईंबरोबर सुपरवायझर मॅडमकडं जायचंय.

१८ जून, गुरुवार

राहूहून दादा आले, पेढे घेऊन. सगळ्या आळीत स्वतः वाटले. दारात उभं राहून मोठ्यानं म्हणाले, "माझ्या लेकीच्या घरात आता दोन मॅट्रिक! महेंद्रराव, जावई निवडताना चुकलो न्हाई मी!"

यांनी पेढा हातातच धरून ठेवला. मला वाईट वाटलं. माझ्या पास होण्याचा यांना आनंद नाही का?

२५ जून, गुरुवार

आज हे स्वतःहून बोलले. "दादा म्हणलं ते खरं न्हाई, माया. ह्या घरात दोन मॅट्रिक न्हाईत. एकच हाय. तू."

दहावीला गणितात उडाले होते. मामांनी पास म्हणून सांगितलं, आणि हे समोर पोहे खात गप्प बसले. तेव्हापासून गप्पच.

राग आला. दादांचा दारातला चेहरा आठवून जास्तच आला. मग एकेक गुरुवार आठवत गेला, आणि रसवंतीतलं ते "तीन!" आठवून रडूच फुटलं. हे म्हणाले, "दादांना मीच सांगीन. पर पास होऊन."

फडताळातून पुस्तक काढलं. पेन्सिल यांच्या हातात दिली. म्हटलं, "आज आधी तुम्ही सांगा."