लालासाहेबांची नक्कल

ती. आबा, मुंबईहून धुळाचा तुमच्या पायावर माथा.

मी बरा हाय, जेवण वेळेवर हाय. गेल्या मंगळवारी टेलिव्हिजनवर माझा अन् माझ्या जोडीदार जोशांचा विनोदी कार्यक्रम झाला. तिथले साहेब म्हणाले, तुझी बोली गावाकडची, तू गडी हो. मी म्हणालो, गडी जोशांना करा, मला मालक होऊ द्या.

मग तुमी करता तशीच फलटणच्या लालासाहेबांची नक्कल केली. खतासाठी त्यांच्या उसाच्या रानात आपण मेंढरं बसवली, की ते खाटेवरनं न उठता काठी दावून मेंढरांनाच हुकूम सोडतात, "लेंड्या सगळीकडं सारख्या पडू द्या रं." लोक लय हसले.

काल लालासाहेबच मुंबईत भेटले. पावण्यांकडं कार्यक्रम बघितला म्हणाले. पाठ थोपटली अन् म्हणाले, "आमच्या शेजारचा सयाजीराव हुबेहूब उभा केलास."

आबा, तिथं कुणाला काय बोलू नका. औंदाबी मेंढरं त्यांच्याच रानात बसवायची हायती. आईचा गुडघा कसा हाय?

इथं समदी इचारतात, नक्कल कुणाकडं शिकलास? मी तुमचं नाव सांगतो. ते कुठल्या नाटकात असतात असं इचारलं, की सांगतो, माण तालुक्यात मेंढरं राखतात.

तुमचाच,
धुळा