नऊ भाग झाले तरी हात धरत नाही

ता. ३ मार्च

चि. ठकूस, आत्याचे अ. उ. आ.

तुझं खोकं पोचलं. आतली चिठ्ठीही पोचली, आणि ती वाचून माझं डोकं फिरलं. पण ते नंतर. आधी पुस्तकांचं.

तीस वर्षं पुस्तकं बांधतेय, पण असलं पुस्तक हातून गेलं नव्हतं. पहिलं पान उघडलं तर दोघं निरोप घेतायत. पुढे मैत्री, मग ओळख, आणि शेवटी एकमेकांना नावंही माहीत नाहीत! मी चिडले. आमच्या शिलाईवाल्या बाईंना दाखवलं तर त्या डोळे पुसून पुसून हसल्या. म्हणाल्या, हा मांगा, जपानी चित्रकथा, तो उजवीकडून वाचायचा असतो. मग सरळ, म्हणजे उलटा, वाचला.

तर गोष्टीतली बाई कपडे धुण्याच्या दुकानात मशीनवर बोटांनी ताल धरते, आणि शेजारच्या बाकावरचा माणूस त्याच गाण्याचा पुढचा ताल वाजवतो. दोघंही रॉकची वेडी. झालं! त्यानंतर चार भाग उलटले तरी प्रकरण पुढे सरकेना. एक हेडफोन दोघांत, आणि मधे तिसरं माणूस मावेल एवढी जागा. काय म्हणावं याला? इकडे माझी खळ वाळून गेली.

आता चिठ्ठी. तू लिहितेस, लग्नानंतर नव्या घरात ही पुस्तकं न्यायची नाहीत असं ठरलं, तेव्हा पुठ्ठा घालून वाचनालयाला देऊन टाक. ठरलं म्हणजे कोणी ठरवलं? समासात पानोपानी तुझी पेन्सील आहे. ‘इथे गिटार थांबते.’ ‘इथे तिला कळतं.’ असं पुस्तक कोणी आपणहून देत नाही. खरं काय ते कळव.

माया आहेच. या खोक्यापायी ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आत्या

ता. ११ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तू उगाच राईचा पर्वत करतेस. होणाऱ्या नवऱ्याकडे जेवायला गेले होते, तेव्हा पुस्तकांचा विषय निघाला. त्याची थोरली बहीण म्हणाली की संसाराला लागल्यावर चित्रांची पुस्तकं कशाला, पाळण्यात ठेवायला का? सगळे हसले. मीही हसले. तो ताटात बघून जेवत राहिला. एवढंच झालं.

तो वाईट नाही, आत्या. लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर अंधाऱ्या विहिरीत लोंबकळून येणाऱ्या माणसाला मी ड्रम ऐकवून छळू का? आईचं ऑपरेशन झालं तेव्हा न सांगता रोज डबा घेऊन हजर असायचा. आणि मी काही सोळा वर्षांची नाही. तेहतीस पूर्ण झाली. दिवसभर लोकांना श्रवणयंत्रं बसवते आणि घरी येऊन कागदावरच्या माणसांसाठी जीव टाकते, हे मलाही विचित्र वाटतं.

पुस्तकं देऊन टाक. आणि सातवा भाग वाचू नकोस, चिडशील.

रागावली असलीस तरी दोन ओळी लिही, ही विनंती.

तुझी ठकू

ता. १९ मार्च

चि. ठकूस, अ. उ. आ.

सातवा वाचला. तो हात पुढे नेतो, बोटांपर्यंत नेतो, आणि गाणं संपलं म्हणून मागे घेतो! मी पुस्तक टेबलावर आपटलं. बाईंच्या हातातली सुई पडली. आठवा, नववा त्याच तिरीमिरीत संपवला. नऊ भाग, आणि हात नाही!

पण पाचव्या भागात ऑफिसातले लोक तिच्या गाण्यांना हसतात, तेव्हा हाच मुखदुर्बळ माणूस उठून उभा राहतो.  तुझा ताटात बघत राहिला. त्याचाही मला एवढा राग नाही आला. तू हसलीस, त्याचा आला. स्वतःच्या जिवाभावाच्या गोष्टीला लोकांबरोबर हसायचं हे कुठे शिकलीस?

पुस्तकं दिलेली नाहीत, देणारही नाही. आणि एक सांगते, पुढचं वाचून घाबरू नकोस: मी त्याला पत्र लिहिलं. सोबत पहिले तीन भाग पाठवले. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.

शिव्या द्यायच्या तर दे, पण पत्रानेच दे.

आत्या

ता. २६ मार्च

आत्यास नमस्कार.

कोणी सांगितलं होतं तुला? माझ्या आयुष्यात नाक खुपसायचा हक्क बांधणीच्या दुकानात मिळतो का?

तो इथे आला होता. आम्ही पहिल्यांदा भांडलो. तो म्हणाला की माझी परीक्षा घ्यायची होती तर आधी सांगायचं. मी म्हटलं, त्या दिवशी तू एक शब्द बोलला नाहीस. त्यावर त्याने विचारलं, तू स्वतः हसत होतीस, मग मला कळणार कसं? आत्या, तूही हेच लिहिलं होतंस. याचाच मला जास्त संताप आला.

लग्नाची तारीख पुढे ढकलली आहे. आई माझ्याशी बोलत नाही. झालं समाधान?

ठकू

ता. ८ एप्रिल

ती. आत्यांस स. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा मला राग आला होता, हे आधीच सांगतो. अनोळखी माणसाला ‘ताटात काय शोधत होतास’ असं कोणी विचारतं का? उत्तर द्यायचं म्हणून पुस्तकं वाचली. लिफ्टच्या मशीनघरात, डबा खाताना.

मग तिने समासात नाव लिहिलेलं गाणं ऐकलं. आवडलं नाही. खोटं कशाला सांगू, पत्र्याचं गोदाम कोसळल्यासारखं वाटलं. पण तिसऱ्या मजल्यावरून दोराचा आवाज ऐकून बिघाड ओळखणं हे माझं काम. पुन्हा ऐकलं. अकराव्या वेळी लक्षात आलं, तिसऱ्या ओळीत ड्रमवाला केसभर मागे राहतो. मुद्दाम. आणि बाकीचे त्याच्यासाठी थांबतात. तिला फोन करून सांगितलं.  ती म्हणाली, पुन्हा सांग.

रविवारी जेवताना ताईला सगळ्यांसमोर म्हटलं की ते बोलणं चुकीचं होतं, आणि गप्प बसून मी जास्त चुकलो. पुस्तकं आमच्या घरी येतील. ताई उठून गेली, अजून अबोला आहे. मला असं बोलायची सवय नाही. 

तारीख इतक्यात नको असं ती म्हणते. मी बरं म्हटलं. पण चौथा भाग तुमच्याकडे अडकवून ठेवलात हे बरोबर नाही. कृपया लगेच पाठवावा.

ओळख नसताना रागावलात, तसाच ओळख झाल्यावर जीव लावावा.

ठकूचा लिफ्टवाला

ता. १७ एप्रिल

ती. आत्यास सा. न. वि. वि.

काल आम्ही एका तळघरातल्या सभागृहात रॉकच्या कार्यक्रमाला गेलो. आवाज फार मोठा असतो, म्हणून दवाखान्यात त्याच्या कानांच्या मापाचे रबरी बूच करून घेतले होते. दाराशीच बसवले. मी रोज वीस-पंचवीस लोकांच्या कानांना हात लावते, पण काल माझी बोटं गार पडली. त्याला ते कळलं. तो हलला नाही.

आत खूप गर्दी होती. तो भिंतीला तळवा टेकवून उभा राहिला आणि तिसऱ्या गाण्यात एकदम माझ्याकडे वळला. काहीतरी म्हणाला, मला अक्षरही कळलं नाही. दुसऱ्या तळव्याने त्याने माझ्या मनगटावर तो केसभर मागे राहणारा ठोका वाजवून दाखवला. मग हात तिथेच राहिला.

तारीख ठरलेली नाही. आई विचारते, अजून किती दिवस? मी सांगितलं, आम्ही अजून ऐकतोय. ती पुन्हा रुसली आहे, तिला तू समजाव, तुझ्यामुळेच झालंय.

मला न विचारता पत्र धाडल्याचा राग गेलेला नाही. भेटीत तोंडावर काढीन. तोवर माया असू दे.

तुझी ठकू