चर्चा करावी

३ मार्च, मंगळवार. सकाळी ९.५०, ऑफिस

आजपासून रोजनिशी. चांगला चौकशी अधिकारी रोज स्वतःला प्रश्न विचारतो, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं. मी विचारला. उत्तर समाधानकारक आलं.

ट्रेनिंग तीन दिवसांचं होतं. विषय: ऐकण्याचं कौशल्य. सबंध मनुष्यबळ विभागातून मला एकट्यालाच पाठवलं. बाकीच्यांना कामं होती. सर्टिफिकेट फ्रेम करून काल संध्याकाळी हॉलमध्ये लावलं. खिळा ठोकत होतो, तेव्हा बायको मागे येऊन काहीतरी सांगत होती. मी म्हटलं, ठोकाठोकीत ऐकू येत नाहीये, लेखी दे. ऑफिसची सवय. ती हसली नाही. तिला विनोद कळायला वेळ लागतो.

संकल्प: १. रोज लिहिणे. २. समोरच्याचं बोलणं मध्येच न तोडणे. ३. वजन.

५ मार्च, गुरुवार

केस मिळाली. मोठ्या साहेबांनी स्वतः बोलावून दिली. म्हणजे बोलावलं दुसऱ्याला होतं, पण तो रजेवर आहे.

टपाल शाखा. एक खोली, दोन टेबलं. एकावर येणारं टपाल नोंदवणारे, दुसऱ्यावर जाणारं टपाल नोंदवणाऱ्या. सगळं ऑफिस त्यांना आवकराव आणि जावकबाई म्हणतं. ही दोघं सात वर्षं एकमेकांशी बोललेली नाहीत. काही हवं असलं की चिठ्ठी लिहून समोर सरकवतात. टेबलांमध्ये अंतर हातभर. साहेब नवीन आहेत, त्यांना हे वातावरण निकोप वाटत नाही. २५ तारखेला सगळ्या शाखाप्रमुखांसमोर रिपोर्ट सादर करायचाय. तो चांगला झाला तर साहेबांच्या नजरेत आलोच.

आठवडाभरात दोघांना बोलतं करतो. एका छताखाली राहून लोक न बोलता दिवस कसे काढतात, मला तर समजतच नाही.

घरी आलो तर फ्रिजवर चिठ्ठी. “अहो, मुख्याध्यापिका म्हणून निवड झाल्याचं पत्र आलंय. शाळा चांगली आहे, पण गाव बसने पाच तासांवर. तिथेच राहावं लागेल. २५ तारखेपर्यंत कळवायचंय. तुम्हाला काय वाटतं?”

किती मुद्देसूद. माझ्या हाताखालच्या लोकांना असं लिहिता येत नाही. वर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारला, सही केली, तारीख घातली आणि मॅग्नेटखाली परत लावली. चर्चा रविवारी, असं मुलीला सांगून ठेवलं.

मुलगी म्हणाली, बाबा, आईने लेखी दिलंय, तुम्ही तोंडी उत्तर दिलंत तरी चालेल. कॉलेजात गेल्यापासून नाकाने कांदे सोलते.

८ मार्च, रविवार

चर्चा झाली नाही. सकाळी टपाल शाखेसाठी प्रश्नावली काढली, ४२ प्रश्न. दुपारी डोळा लागला. संध्याकाळी बायको पेपरांचा गठ्ठा घेऊन बसलेली. मध्येमध्ये माझ्याकडे बघत होती. व्यत्यय नको म्हणून मी बाल्कनीत जाऊन बसलो. समोरच्याची वेळ ओळखणं हाही ऐकण्याचाच भाग आहे.

१० मार्च, मंगळवार

आवकरावांचा जबाब. दीड तास. त्यात सव्वा तास मी बोललो, वातावरण मोकळं व्हावं म्हणून.

त्यांचं म्हणणं असं. सात वर्षांपूर्वी एक दिवस ते अक्कलदाढ काढून तसेच ऑफिसला आले. तोंडात कापूस, गाल टम्म. शेजारच्या बाईंनी दिवसभरात एका शब्दाने विचारलं नाही की काय झालं. मग आपण तरी कशाला बोला.

११ मार्च, बुधवार

जावकबाईंचा जबाब. त्यांना एवढंच आठवतं की एक दिवस वारा फार होता, कागद उडत होते. त्यांनी आवकरावांना विचारलं, खिडकी लावू का? दोनदा विचारलं. यांनी उत्तर दिलं नाही, तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसले. एवढी मिजास. मग आपण तरी कशाला बोला.

दोन्ही जबाब शेजारी शेजारी ठेवून तासभर पाहिले. एक दाढेचा, एक खिडकीचा. काही म्हणता काही संबंध लागत नाही. मूळ कारण खोलवर असणार. बहुधा बालपणात.

घरी मात्र छान शांतता आहे. आठवडा झाला, कुरकुर नाही, ‘ऐकताय का’ नाही. काय हवं ते फ्रिजवर. ‘नळ गळतोय.’ ‘दूध आणा.’ ‘पहिल्या चिठ्ठीचं काय झालं?’ पहिली कुठली, ते चटकन आठवेना. खाली ‘प्रक्रिया सुरू आहे’ असं लिहून ठेवलं. माझ्या शिस्तीचा घरावर असा परिणाम होईल असं वाटलं नव्हतं. लोक उगाच संसाराच्या नावाने रडतात.

१५ मार्च, रविवार

आज चर्चा करायचीच असं ठरवून झोपलो होतो. मुद्देही काढले होते. उठलो तर ही बहिणीकडे गेलेली. चिठ्ठी: “आज रविवार. दहापर्यंत वाट पाहिली.” मी साडेदहाला उठलो. अर्ध्या तासाने काय बिघडतं? पण शिक्षकांना घंटेची सवय असते.

वजन केलं नाही. काट्याचा सेल गेलाय असं मुलगी म्हणते. मी खात्री करून घेतली नाही.

१९ मार्च, गुरुवार

जबाब टाइप होऊन आले. शिपायावर न सोपवता मी स्वतः दोघांच्या टेबलांवर ठेवून आलो, वाचून सही करा म्हणून. अशा नाजूक कामात दुसऱ्यावर विसंबून चालत नाही.

२० मार्च, शुक्रवार

दोघं बोलली.

हकीकत शिपायाकडून कळली. माझ्या हातून प्रती उलट पडल्या होत्या. आवकरावांसमोर खिडकी गेली आणि जावकबाईंसमोर दाढ. वाचून झाल्यावर म्हणे दोघांनी प्रती पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. मग जावकबाईंनी विचारलं, अजून दुखते का हो? आवकराव उठले आणि खिडकी लावून आले. वारा नव्हता. मग दोघं जी बोलायला लागली ती पाच वाजेपर्यंत.

प्रती उलट पडणं ही किरकोळ कारकुनी बाब. रिपोर्टमध्ये घेणार नाही. खरं श्रेय प्रश्नावलीचं, विशेषतः प्रश्न १७ चं. (आपणास पक्षी आवडतात का?)

२२ मार्च, रविवार

चर्चा पुढे ढकलली. दिवसभर प्रेझेंटेशन. ३१ स्लाइड झाल्या.

संध्याकाळी फ्रिजवर: “बुधवारी २५.” फक्त एवढंच. माझ्या प्रेझेंटेशनची तारीख हिने लक्षात ठेवली. मला अगदी भरून आलं. खाली लिहिलं, “लक्षात आहे.” मुलीने ते वाचलं आणि माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. तिलाही अभिमान वाटत असणार.

२५ मार्च, बुधवार

गाजलं. ‘मौनाकडून संवादाकडे’ या शेवटच्या स्लाइडला टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, ठीक आहे. साहेबांच्या तोंडून ठीक आहे म्हणजे खूप झालं.

सकाळपासून आज आणखी काहीतरी आहे असं वाटत होतं. नळवाला असेल.

घरी आलो तेव्हा बायको फोनवर होती. हो, येते, नक्की येते, असं कुणाला तरी सांगत होती. किती दिवसांनी तिचा आवाज ऐकला. गोड आहे. फोन ठेवल्यावर मी तिला पूर्ण प्रेझेंटेशन सांगितलं. पाऊण तास. तिने एकदाही मध्ये तोडलं नाही. हिला ट्रेनिंगची गरज नाही.

२६ मार्च, गुरुवार

साहेबांनी बोलावलं. टपाल शाखेत चार दिवसांत एका पत्राची नोंद झालेली नाही. दोघं सकाळी दहाला बोलायला बसतात ते उठत नाहीत. सात वर्षांचं साचलंय, वर्षानुसार चाललंय, अजून तिसरंच वर्ष आहे. साहेब म्हणाले, पूर्वी चिठ्ठ्या होत्या तेव्हा काम वेळेवर व्हायचं. याची चौकशी करा.

मी म्हटलं, सर, कोणी घडवून आणलं याची? ते म्हणाले, हो, त्याचीच.

२७ मार्च, शुक्रवार. दुपारी ३

टपाल शाखेत गेलो. जरा कडक बोललो. माझ्या घरचं उदाहरण दिलं. म्हटलं, पंचवीस दिवस झाले, माझी बायको माझ्याशी एक शब्द बोललेली नाही, सगळं कसं चिठ्ठीवर, आणि घर अगदी घड्याळासारखं चाललंय.

जावकबाईंनी पेन खाली ठेवलं. पहिली चिठ्ठी कशाबद्दल होती, असं विचारलं. मी आठवून सांगितलं. आवकरावांनी विचारलं, मग उत्तर काय दिलंत? मी म्हटलं, ‘चर्चा करावी’ असा स्पष्ट शेरा आहे. आवकरावांनी कॅलेंडरकडे पाहिलं. जावकबाई म्हणाल्या, साहेब, आमचं एका खिडकीवरून सुरू झालं होतं. तुम्ही घरी जा. हाफ डे टाका, नाहीतर टाकू नका, पण जा.

बायका अशा बाबतीत जरा वाढवून सांगतात. पण आवकरावांनी माझी बॅग उचलून हातात दिली.

सायंकाळी ४.३०

फ्रिजवर नवीन चिठ्ठी. “उत्तराची मुदत बुधवारी संपली. होकार कळवला. सोमवारी सकाळी ७.४० ची बस.”

पहिलीही तिथेच आहे. माझा शेरा, माझी सही, माझी तारीख. सगळं व्यवस्थित आहे.

२८ मार्च, शनिवार

ही दिवसभर जुन्या शाळेत, निरोप घ्यायला. मुलीला विचारलं, आई रागावलीय का? ती म्हणाली, नाही बाबा, सुरुवातीचे दोन आठवडे रागावली होती.

मुलीने आणखी सांगितलं. हे पद आईला आठ वर्षांपूर्वीही मिळत होतं. तेव्हा माझं प्रमोशन होतं म्हणून तिने नाही म्हटलं. हे मला माहीत होतं. कधीतरी माहीत होतं. त्या रात्री तिने पेपर तपासायला घेतले होते, आणि मी म्हटलं होतं, बघ, तुझं कसं सगळं सुरळीत चाललंय.

जेवण गेलं नाही. वजनाच्या बाजूने ही एकच नोंद.

२९ मार्च, रविवार. सकाळी ११

सहाला उठलो. ती स्वयंपाकघरात होती. मुद्दे न काढता बोललो. चुकलं म्हटलं. खिळ्याचंही सांगितलं. तुला जायचं असेल तर जा आणि नसेल तर जाऊ नको, असंही म्हणून गेलो, म्हणजे नेमकं काय म्हणायचं होतं ते माझं मलाच कळेना. तिने शेवटपर्यंत ऐकलं. हात पुसले. आणि सत्तावीस दिवसांनी माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

म्हणाली, लेखी द्या.

दुपारी ३

चार पानी खुलासा लिहिला. मुलीकडून पाठवला. तिने दारातूनच परत आणला. म्हणाली, बाबा, यात ‘मी’ एकेचाळीस वेळा आहे, ‘तू’ दोनदा, त्यातलं एक खोडलेलं.

सायंकाळी ५

तीस वर्षं रिपोर्ट लिहितोय. आज दोन तासांत ‘विषय’ या शब्दाच्या पुढे गेलो नाही. हॉलमधलं सर्टिफिकेट काढलं. भिंतीला खिळ्याचं भोक राहिलंय, ते चांगलं दिसत नाही, पण असू दे.

सायंकाळी ६.२०

अखेर लिहिलं. विषय काढून टाकला. “तू उत्तम मुख्याध्यापिका होशील. आठ वर्षांपूर्वीही झाली असतीस. तू नसलीस की या घरात काय करायचं, ते मला माहीत नाही. उद्या बसपर्यंत बॅग उचलायला येऊ का?”

मॅग्नेटखाली लावलं आणि बाल्कनीत जाऊन बसलो.

सायंकाळी ७

जाऊन पाहिलं. खाली शेरा आहे. सही आहे, तारीख आहे, अक्षर लाल पेनाचं.

“नोंद घेतली. बॅगा दोन आहेत.”