तिसऱ्या मजल्यावरची रेंज

४ मार्च
परत कॉल तुटला! वॉर्डच्या मेट्रनबाईंनी अख्ख्या कॉरिडॉरसमोर ऐकवलं — "मी डॉक्टरांना डोस विचारत होते. 'दोन' एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद. दोन काय? गोळ्या की मिलिग्राम?" या हॉस्पिटलच्या छतांत मोबाइलचे सव्वीस छोटे अँटेना बसवले ते मी. म्हणजे शिव्याही मलाच.

५ मार्च
आमच्या साहेबांचं औषध ठरलेलं — "पॉवर वाढवा." अहो, पॉवर जास्त आहे म्हणूनच तर रडगाणं! एका खोलीत चौघं एकदम ओरडायला लागले तर कुणाचं ऐकू येणार? फोन बिचारा चार पावलांत तीन अँटेनांकडे धावतो आणि मध्येच आपटतो. सगळ्यांनीच आवाज खाली आणायला हवा. हेच सांगितलं. तर म्हणे, "लोकांना फोनवर रेंजच्या कांड्या पूर्ण दिसल्या पाहिजेत." कांड्या!

६ मार्च
वाढवली. वाट लागली. आता दुसऱ्या मजल्यावरही तुटतात.

८ मार्च
नवरा जेवताना म्हणाला, "घरी तरी पॉवर कमी कर की जरा." हसले नाही. नंतर भांडी घासताना एकटीच हसले.

१० मार्च
मेट्रनबाई स्वतः फोन कानाला लावून माझ्याबरोबर फिरल्या. मी मीटर घेऊन पुढे, त्या मागे "हॅलो, हॅलो" करत. पाय तुटले दोघींचे! नोंदी साहेबांच्या टेबलावर आपटल्या. साहेबांनी सगळी पानं चाळली. "करा काय करायचं ते. पण नीट मोजून," म्हणाले. नीट मोजून — म्हणजे मी इतके दिवस काय झोपा काढत होते?

१२ मार्च
नऊ अँटेनांची पॉवर उतरवली. दिवसभरात एकही कॉल तुटला नाही. एकही!! मेट्रनबाई म्हणाल्या, "आता फोन थांबतच नाही, मीच दमले." साहेबांच्या केबिनवरून मुद्दाम दोनदा गेले.

१५ मार्च
सकाळी लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत स्ट्रेचरवर एक आजोबा आणि एक नर्स. लिफ्टची घंटा बिघडलेली. नर्सने फोन काढला — रेंज नाही. दार बडवत राहिली. ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर संपत आलं तेव्हा कुणीतरी ऐकलं. अठरा मिनिटं. आजोबा वाचले.
आधी तो जादा सिग्नल लिफ्टच्या पत्र्यातूनही आत झिरपायचा. तो मी काढून घेतला. कॉरिडॉर, वॉर्ड, जिने, सगळं मोजलं. लिफ्टमध्ये उभं राहून, दार लावून मोजायचं सुचलंच नाही. मेट्रनबाई मला बघून वॉर्डात वळल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१६ मार्च
लिफ्टसाठी आत वेगळा अँटेना बसवला. दार लावून मोजलं. पाच वेळा.
चौकशीला बोलावलं होतं. पोचले तर साहेब आधीच आत. दाराआडून आवाज ऐकू आला — "पॉवर कमी करायचा निर्णय माझा. तिने फक्त मी सांगितलं ते केलं."
मी दार ढकललं. म्हटलं, "साहेब खोटं बोलताहेत. निर्णय माझा होता."