घरगाडी अजून गळते

सांगली
ता. ९ एप्रिल १९७३

ती. विजयमाला वहिनींस,

कृष्णातचा पाया पडून नमस्कार. मी इथं बरा आहे. आई, आबा, म्हैस सगळी ठीक असतील असं धरून चालतो. तुमचं पत्र पोचलं. तुमी विचारलंय त्याचं लिहितो, पण आधी माझं डोकं जरा थंड होऊ द्या.

डोकं फिरवलंय त्या घरगाडीनं. घरगाडी म्हणजे सर्कसवाल्या मालकाची जुनी बस. आत खाट, चूल, कपाट, आरसा, सगळा संसार. मालक-मालकीण वर्षभर त्यातच राहणार, आणि आता केरळात निघालेत. तिकडं पाऊस लय, म्हणून पत्र्याच्या एकाही जोडातून थेंब आत येता कामा नये. हे काम आमच्या कारखान्यातल्या आप्पासो मिस्त्रींनी माझ्या गळ्यात मारलंय. जोड खरवडायचा, सफेदा आणि तेल मळून केलेली लांबी भरायची, वरनं पट्टी ठोकायची, घासायचं, रंगाचा हात द्यायचा. दिसायला सोपं. करून बघा म्हणावं.

झालं की वरनं पाणी ओतून बघायचं. वहिनी, तिकडं तुमी टँकरची वाट बघत घागरी रांगेला लावताय, आणि इथं मी नदीचं पाणी पिंपानं आणून पत्र्यावर ओततोय! पहिल्याच दिवशी गल्लीतल्या बाया धावून आल्या. एक म्हणाली, "मुडद्या, माणसं तान्हेली आन तू गाडीला आंगूळ घालतोस व्हय?" काय सांगणार? आता खाली घमेली लावून पाणी धरतो. त्याच बाया ते धुण्याला नेतात. नेताना शिव्या देतातच.

आत मालकीण रंगूबाई खडू घेऊन बसतात. गळलं की खूण करायची आणि ओरडायचं. "कृष्णात, हितं! आरं, आता उशीवर!" वाघाच्या पिंजऱ्यात जाणारी बाई, पण थेंबाला भिते.

परवा म्हटलं, एकदाचं मिटवू. दिसेल ती फट बुजवली. आई कणगी लिंपते तशी, बोट शिरायला जागा ठेवली न्हाई. पाणी ओतलं, एक थेंब आत न्हाई. मी मिशीला पीळ दिला. सकाळी बघतो तर रंगूबाईंची गादी चिंब. खिडकीखाली मिस्त्री मुद्दाम एक फट ठेवतात, काचेच्या कडेनं शिरलेलं पाणी बाहेर पडायला. मी तीच बुजवली होती, म्हणून अडकलेलं पाणी रातभर आत झिरपलं.

मिस्त्री म्हणाले, "लेका, ही गाडी हाय का जुंधळ्याची कणगी?"

रंगूबाई म्हणाल्या, "मला किडा लागू ने म्हणून लिंपली असंल त्यानं."

सगळा कारखाना हसला. आणि खरवडत बसलो मी.

ता. १०

काल इथंच थांबलो. दिव्यातलं तेल संपलं असं लिहिणार होतो, पण तेल होतं. हात पुढं जात नव्हता.

तर ते. गुंडाकाका गेल्या महिन्यात लोणंदहून गाडीत बसून मला सांगायला आला. दादा लढाईत गेला त्याचं वर्षश्राद्ध झालं, आता अक्षय तृतीयेला तुमचा नि माझा पाट लावायचा असं आबांनी ठरवलंय. सून घरात राहील, दादाची पेन्शन घरात राहील, आणि मीबी दावणीला लागीन. मी विचारलं, "आन वहिनी काय म्हणत्यात?" तर म्हणतो कसा, "तिला काय इचारायचं रं? घरची लक्ष्मी ती." माझं टाळकंच सरकलं. म्हशीला गिऱ्हाईक आलं तरी आबा आईला विचारतात!

खरं सांगतो, मी पळणार होतो. गाडीची निगा ठेवायला बरोबर चल असं सर्कसचे मालक म्हणालेत, आणि माझा पाय एका जागी कधी टिकलाय? पण मी न बोलता गेलो असतो तर गावानं तुमालाच बोल लावला असता, हिच्यापायी धाकटाबी गेला म्हणून. दादाच्या वेळी बाया काय बोलल्या ते मी ऐकलंय. तेवढ्यात तुमचं पत्र आलं. "भावजी, होय का नाही ते एकदा लिहा." तुमच्या मनात काय ते तुमी लिहिलंच न्हाई. तुमालाबी सवय लागली का, कुणी विचारायचं न्हाई म्हणून सांगायचं न्हाई?

माझं म्हणाल तर न्हाई. मी शाळेतनं पळून यायचो तवा तुमी चुलीपुढं बसवून मला बाराखडी गिरवायला लावायचा. आज हे पत्र लिहितोय ते त्या जोरावर. दादाच्या जागी मला बसता येणार न्हाई, वहिनी. जीव गेला तरी.

आबांना आजच कार्ड टाकलं. मुद्दाम उघडं कार्ड. आबांना वाचता येत न्हाई, आणि कोंडीबा पोस्टमन पारावर उभा राहून असा वाचतो की ओढ्यापलीकडं ऐकू जावं. त्यात एवढंच आहे: पाट मला नको. वहिनींनी कायबी म्हटलेलं न्हाई, नको म्हणणारा मी एकटा. आता शिव्या घालायच्या त्या मला घालू द्यात. घरगाडीवर चढून रोज ऐकतोच आहे.

मिस्त्रींची बहीण गोदावरीताई मिरजेला दवाखान्यात नर्स आहे. तुमच्यावानी सातवी झालेल्या बाईला नर्सचं काम शिकायला घेतात म्हणाली. मी नुसतं कानावर घालतो. मिरजेला यायचं, माहेरी जायचं, आहे तिथंच राहायचं, का दुसऱ्या कुणाशी लगीन करायचं, ते तुमचं तुमी ठरवा. मी ठरवायला लागलो तर आबांच्यात नि माझ्यात फरक काय उरला?

गाडी महिनाअखेरीला निघणार. छपराचा एक जोड अजून गळतो, मिस्त्री माझ्या नावानं हाका मारतायत. तुमाला मिरजेपर्यंत सोबत लागणार असेल तर लिहा, मी न्यायला येतो. मग सर्कस गेली खड्ड्यात. पण जे काय असेल ते या वेळी मनातलं लिहा. आईला नमस्कार सांगा. आबांना सांगू नका, त्यांना कार्ड पुरे.

तुमचा दीर,
आणि दीरच,
कृष्णात